जठररसाचा शोध आणि प्रयोगाधीन माणूस : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आंद्रेआस व्हेसॅलियस यांचा मानवी शरीररचनेवरील ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शवविच्छेदनावर आधारलेल्या शरीररचनाशास्त्राचा पाया घातला गेला. जठर कोठे असते, त्याचा आकार कसा असतो, अन्ननलिका त्याला कोठे मिळते आणि लहान आतडे कोठून सुरू होते, हे त्यानंतरच्या काळात बऱ्याच अचूकपणे सांगता येऊ लागले. मात्र जठरात अन्नाचे नेमके काय होते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी जवळजवळ तीनशे वर्षे लागली. या विलंबाचे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. रचना मृत शरीरात पाहता येते. कार्य केवळ जिवंत शरीरातच घडते. जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचे कोणतेही साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

त्यामुळे पचनक्रियेच्या संशोधनाचा इतिहास हा केवळ कल्पनांचा आणि उपकरणांचा इतिहास राहत नाही. प्रयोग कोणाच्या देहावर झाला, हा प्रश्नही त्यात प्रत्येक टप्प्यावर उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने जठरविषयक संशोधनाचा मागोवा घेतला असून, अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट आणि कॅनडातील फ्रेंच भाषक मजूर अलेक्सी सेंट मार्टिन यांच्या संबंधावर विशेष भर दिला आहे. जठराविषयीचे ज्ञान आणि ते ज्या देहातून मिळाले त्या माणसाचे स्थान, या दोन गोष्टींचा एकत्रित विचार केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही, हे येथील प्रतिपादन आहे.

जठराची रचना व कार्य

ऐतिहासिक विवेचनापूर्वी आज ज्ञात असलेल्या गोष्टींची थोडक्यात नोंद घेणे आवश्यक आहे. जठर हे उदराच्या वरच्या व डाव्या भागात असलेले, साधारणपणे इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचे, पिशवीसारखे स्नायुमय इंद्रिय आहे. त्याच्या वरच्या टोकाला अन्ननलिका मिळते आणि खालच्या टोकाला असलेल्या निर्गमद्वारातून अन्न लहान आतड्यात जाते. जठराच्या भित्तीत उभे, वर्तुळाकार आणि तिरके असे स्नायूंचे तीन थर असतात. त्यांच्या आकुंचन-प्रसरणामुळे अन्न घुसळले जाते. प्रौढ माणसाच्या जठरात जेवणानंतर साधारण एक ते दीड लिटर अन्न सहज सामावते.

जठराच्या आतील अस्तरात असंख्य ग्रंथी असतात आणि त्या दिवसभरात सुमारे दोन ते तीन लिटर जठररस स्रवतात. या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तसेच प्रथिनांचे विघटन करणाऱ्या पेप्सिन या विकराचे निष्क्रिय पूर्वरूप असते. आम्लाच्या सान्निध्यात हे पूर्वरूप सक्रिय होते. जठराची स्वतःची भित्ती या तीव्र रसापासून सुरक्षित राहते, ती तिच्यावरील श्लेष्माच्या थरामुळे आणि पेशींच्या सततच्या नवनिर्मितीमुळे. पचन म्हणजे यांत्रिक घुसळण व रासायनिक विघटन यांची संयुक्त प्रक्रिया होय, हे आज सर्वमान्य आहे. मात्र या दोन घटकांपैकी खरा कोणता, यावर दीर्घकाळ वाद चालू होता.

पाक, घर्षण की द्रावण?

प्राचीन काळी पचनाची कल्पना स्वयंपाकाच्या अनुभवावरून केलेली दिसते. आयुर्वेदात जठराग्नीला मध्यवर्ती स्थान असून चरकसंहितेत जठराग्नी, पाच भूताग्नी व सात धात्वग्नी असे तेरा अग्नी मानले आहेत. 'पचन' हा शब्द 'पच्' म्हणजे शिजविणे या धातूपासून झालेला आहे. ग्रीक वैद्यकातील 'पेप्सिस' या संज्ञेचा अर्थही शिजणे किंवा पिकणे असाच होता आणि भाषाशास्त्रदृष्ट्या हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. गॅलनच्या मते जठरात अन्न ओढून घेण्याची, धरून ठेवण्याची, त्यात पालट घडविण्याची आणि ते बाहेर ढकलण्याची अशा चार शक्ती असतात. हा विचार युरोपात शतकानुशतके प्रमाण मानला गेला.

सतराव्या शतकात या पारंपरिक कल्पनेसमोर दोन परस्परविरोधी मते उभी राहिली. फान हेल्माँट यांनी पचन हे किण्वनासारखे असून त्यात आम्लाचा सहभाग असतो, असे सांगितले. उलट बोरेल्ली व त्यांच्या परंपरेतील यंत्रवादी अभ्यासकांनी जठराकडे दळण्या-भरडण्याचे यंत्र म्हणून पाहिले. दोन्ही पक्षांकडे युक्तिवाद होते. परंतु निर्णायक पुरावा कोणाकडेही नव्हता.

हा पुरावा मिळविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रेंच निसर्गवैज्ञानिक रेओम्यूर यांनी केला व तो १७५२ मध्ये प्रसिद्ध केला. न पचलेले पदार्थ ओकून टाकणाऱ्या, घारीच्या जातीच्या एका शिकारी पक्ष्याला त्यांनी धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. नळ्यांमध्ये मांसाचे तुकडे होते आणि त्यांची तोंडे जाळीने बंद केलेली होती. पक्ष्याने नळ्या ओकून टाकल्या तेव्हा आतील मांस अंशतः विरघळलेले आढळले. धातूच्या नळीत मांस भरडले जाणे शक्य नव्हते. अर्थात ते एखाद्या द्रवाने विरघळविले होते. नळ्यांत स्पंज ठेवून हा द्रव मिळविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला.

मानवी जठराविषयी तोच प्रश्न एडवर्ड स्टीव्हन्स यांनी १७७७ मध्ये एडिंबरो येथील आपल्या प्रबंधात हाताळला. दगड गिळून दाखविण्याचा खेळ करून पोट भरणारा एक माणूस त्यांना भेटला. त्याला छिद्रे असलेले चांदीचे पोकळ गोळे अन्न भरून गिळण्यास देण्यात आले आणि गोळे बाहेर पडल्यावर त्यांतील अन्नाचे परीक्षण करण्यात आले. इटलीतील पाव्हिया येथील लाझारो स्पालांझानी यांनी मात्र स्वतःच्या देहाचा उपयोग केला. पाव भरलेल्या कापडी पिशव्या त्यांनी गिळल्या. प्राण्यांचा जठररस मांसासह काचनळ्यांत भरून त्या नळ्या काखेत धरल्या आणि शरीराच्या उष्णतेत मांस विरघळते हे दाखविले. हे प्रयोग १७८० मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि जठररस आम्लधर्मी असतो, हे त्यांना मान्य झाले नाही. पुढे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी डिसेंबर १८२३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लच असल्याचे दाखवून दिले.

अशा रीतीने १८२० च्या सुमारास तीन प्रकारचे देह प्रयोगासाठी वापरले गेलेले दिसतात : प्राण्याचा, संशोधकाचा स्वतःचा आणि पैशाची गरज असलेल्या परक्या माणसाचा. जठर काम करीत असताना प्रत्यक्ष पाहणे मात्र या कोणत्याही मार्गाने शक्य झाले नव्हते.

मॅकिनॅक बेटावरील अपघात

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात बंदुकीचा अपघाती बार उडाला. बंदूक अगदी जवळ, सुमारे दोन-तीन फुटांवर होती. अलेक्सी सेंट मार्टिन या विशीतील तरुणाला डाव्या छातीखाली तळहाताएवढी जखम झाली. फुप्फुसाचा व जठराचा काही भाग जखमेतून बाहेर आला. सेंट मार्टिन हे केसाळ कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हविण्याचे व ओझी वाहण्याचे काम करीत. बेटावरील लष्करी ठाण्याचे शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट काही वेळातच तेथे पोहोचले. रुग्ण वाचेल अशी आशा त्यांना नव्हती, तरीही त्यांनी उपचार केले आणि सेंट मार्टिन वाचले.

जखम भरत आली, पण छिद्र बुजले नाही. जठराची कड बाहेरील जखमेच्या कडेला चिकटून जुळली आणि पोटावर थेट जठरात उघडणारे कायमचे द्वार तयार झाले. पुढे जठराच्या आतील अस्तराची एक घडी त्या छिद्रावर पडद्यासारखी आली. तिच्यामुळे अन्न बाहेर येत नसे, मात्र बोटाने ती सहज आत लोटता येई.

१८२३ मध्ये स्थानिक प्रशासनाने या निराधार रुग्णाचा पुढील खर्च करण्यास नकार दिला आणि त्यांना कॅनडात त्यांच्या गावी पाठवून देण्याचे ठरविले. त्या अवस्थेत तो प्रवास जीवघेणा ठरला असता. बोमाँट यांनी सेंट मार्टिन यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले, त्यांची शुश्रूषा केली आणि अन्नवस्त्र पुरविले. त्यांचे हे ऋण इतिहासाने मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच घरात रुग्णाचे रूपांतर हळूहळू घरकाम करणाऱ्या नोकरात आणि १८२५ मध्ये प्रयोगाच्या साधनात झाले, हेही तितकेच खरे आहे.

प्रयोग आणि त्यांचे निष्कर्ष

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मसालेदार शिजविलेले गोमांस, खारवलेले कच्चे डुकराचे मांस, खारवलेले कच्चे गोमांस, उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्ची कोबी यांचे तुकडे बांधून ते छिद्रातून जठरात सोडले. ठराविक अंतराने दोरा बाहेर काढून निरीक्षण करण्यात आले. एका तासात कोबी व पाव जवळजवळ अर्धे पचले होते, तर मांसाचे तुकडे तसेच होते. दोन तासांनी काही तुकडे दोऱ्यावरून पूर्णपणे नाहीसे झाले. त्यानंतर सेंट मार्टिन यांनी पोटात अस्वस्थ वाटत असल्याची तक्रार केल्यामुळे प्रयोग थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशीही त्रास कमी झाला नाही, तेव्हा बोमाँट यांनी औषधाच्या गोळ्या त्याच छिद्रातून जठरात टाकल्या.

त्यानंतरचा एक प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरला. जठरातून काढलेला रस कुपीत घेऊन तो सुमारे १०० अंश फॅरनहाइट तापमानात ठेवण्यात आला आणि त्यात मांसाचा तुकडा टाकण्यात आला. तशाच मांसाचा दुसरा तुकडा जठरात सोडण्यात आला. जठरातील तुकडा सुमारे दोन तासांत, तर कुपीतील तुकडा सुमारे दहा तासांत विरघळला. देहाबाहेरही हीच प्रक्रिया घडते, हे मानवी जठररसाच्या बाबतीत प्रत्यक्ष सिद्ध झाले. पचनासाठी कोणतीही गूढ प्राणशक्ती गृहीत धरण्याची गरज उरली नाही. जठरातील हालचालीमुळे रस व अन्न नीट मिसळतात आणि म्हणून तेथे पचन लवकर होते, हेही यातून सूचित झाले.

१८२५ च्या उत्तरार्धात सेंट मार्टिन बोमाँट यांची परवानगी न घेता कॅनडात निघून गेले. तेथे त्यांनी विवाह केला, मजुरी केली आणि संसार थाटला. बोमाँट यांनी त्यांचा शोध घेऊन १८२९ मध्ये पत्नी व मुलांसह त्यांना परत आणविले. १८३१ मध्ये ते पुन्हा परत गेले. १८३२ मध्ये प्रयोगांची शेवटची मालिका सुरू झाली. एकंदर दोनशेहून अधिक प्रयोगांचा वृत्तांत आणि त्यावरून काढलेली ५१ अनुमाने यांचा समावेश असलेला बोमाँट यांचा ग्रंथ १८३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याचे जर्मन भाषांतर निघाले आणि १८३८ मध्ये अँड्र्यू कूम यांनी एडिंबरो येथे त्याची आवृत्ती काढली.

जठर रिकामे असताना रसाचा साठा तेथे नसतो, अन्नाच्या स्पर्शाने तो स्रवू लागतो. मद्यामुळे जठराच्या अस्तरावर लाली व सूज दिसते, जरी त्या माणसाला त्याची जाणीव होत नसली तरी. शिजविलेला भात सुमारे एका तासात, तर भाजलेले डुकराचे मांस पचण्यास पाच तासांहून अधिक वेळ लागतो, अशा अनेक नोंदी त्यात आहेत. यांतील पदार्थनिहाय कालमापन एकाच माणसाच्या जठरावरून केलेले असल्याने त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत.

याच नोंदींत रागाचा जठरावर होणारा परिणाम नमूद आहे. सेंट मार्टिन संतापलेले असताना त्यांच्या जठरात पित्त आढळले आणि पचनात व्यत्यय आला. मन व जठर यांच्या संबंधाविषयीची ही आरंभीची मौलिक निरीक्षणे होत. त्या रागाकडे पाहण्याची बोमाँट यांची दृष्टी शरीरक्रियाशास्त्रज्ञाची होती. आज तीच नोंद वाचताना, वारंवार घर सोडून यावे लागणाऱ्या आणि उपाशीपोटी तासन्‌तास छिद्र उघडे ठेवून पडून राहणाऱ्या माणसाचा तो राग होता, याचेही भान ठेवावे लागते. प्रयोगाधीन व्यक्तीचे मन ग्रंथात डोकावते, ते केवळ निरीक्षणाचा एक घटक म्हणून.

एक करारनामा

१८३२ च्या ऑक्टोबरमध्ये या दोघांमध्ये लेखी करार झाला. त्यानुसार सेंट मार्टिन यांनी एक वर्षभर बोमाँट यांच्याकडे करारबद्ध सेवक म्हणून राहावे, ते नेतील तेथे जावे आणि आपल्या जठरावरील प्रयोगांना मान्यता व साहाय्य द्यावे, असे ठरले. त्याबदल्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि १५० डॉलर देण्याचे बोमाँट यांनी मान्य केले. सेंट मार्टिन निरक्षर असल्याने त्यांनी सहीऐवजी खूण केली.

या कराराकडे दोन प्रकारे पाहता येते. संशोधक व प्रयोगाधीन व्यक्ती यांच्यातील संबंध लेखी स्वरूपात मांडण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता, असे म्हणता येईल. प्रयोगाला संमती लागते, ही जाणीव त्यात अंशतः तरी दिसते. दुसरीकडे, हा करार मालक व सेवक यांच्यातील आहे. त्यात मोबदल्याचा विचार आहे, परंतु प्रयोग मध्येच थांबविण्याच्या अधिकाराचा विचार नाही. एका पक्षाकडे शिक्षण, पद व कायद्याची भाषा होती. दुसऱ्याकडे दारिद्र्य आणि एक न भरलेली जखम. अशा असमान स्थितीत दिलेली संमती कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न आजही संशोधन-नीतीच्या केंद्रस्थानी आहे.

१८३४ मध्ये सेंट मार्टिन घरी गेले ते पुन्हा परत आले नाहीत. बोमाँट यांनी त्यानंतर अनेक वर्षे पत्रव्यवहार केला, पैसे देऊ केले. परंतु सेंट मार्टिन यांनी दाद दिली नाही. बोमाँट २५ एप्रिल १८५३ रोजी सेंट लुइस येथे निवर्तले. सेंट मार्टिन त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षे जगले आणि २४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतात मृत्यू पावले. त्या वेळी माँट्रियल येथे असलेल्या विल्यम ऑस्लर यांना शवविच्छेदन करून ते प्रसिद्ध जठर जतन करण्याची इच्छा होती. कुटुंबीयांनी त्यास ठाम नकार दिला. देह डॉक्टरांच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तो उन्हाळ्याच्या उष्म्यात काही दिवस घरीच ठेवला आणि नंतर नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरला. जिवंतपणी ज्या देहाला नकाराचा अधिकार नीट मिळाला नव्हता, त्याच्या वतीने कुटुंबाने दिलेला हा नकार होता. कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९६२ मध्ये तेथील चर्चच्या भिंतीवर सेंट मार्टिन यांच्या स्मरणार्थ फलक बसविला.

उत्तरकाळातील संशोधन

बोमाँट यांनी जठररसात आम्लाव्यतिरिक्त आणखी काही द्रव्य असावे असे सुचविले होते. १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी ते वेगळे ओळखले आणि त्याला 'पेप्सिन' असे नाव दिले. शिजण्याची जुनी कल्पना मागे पडली, परंतु तिचा शब्द रसायनाच्या नावात टिकून राहिला. अपघाताने निर्माण झालेले छिद्र आता प्राण्यांमध्ये मुद्दाम निर्माण करण्यात येऊ लागले. १८४० नंतरच्या काळात रशियात बासोव्ह व फ्रान्समध्ये ब्लाँडलो यांनी कुत्र्यांवर अशा शस्त्रक्रिया केल्या. याच पद्धतीचा परमोत्कर्ष इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या कार्यात दिसतो. अन्न जठरात न पोहोचताही केवळ चघळण्याने जठररस स्रवतो आणि या क्रियेचे नियंत्रण मज्जातंतूंकडे असते, हे त्यांनी सिद्ध केले. १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सेंट मार्टिन यांच्यासारखीच स्थिती विसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील एका गृहस्थांची होती. वैद्यकीय साहित्यात ते केवळ 'टॉम' या नावाने परिचित आहेत. बालपणी अतिशय गरम सूप प्यायल्याने त्यांची अन्ननलिका बंद झाली होती आणि पोटावरील छिद्रातून ते अन्न घेत. स्ट्यूअर्ट वुल्फ व हॅरल्ड वुल्फ यांनी त्यांच्या जठराचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९४३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. राग व चिंता या भावनांच्या वेळी जठराच्या अस्तराचा रंग व स्राव बदलतो, हे त्यात सविस्तर दाखविले आहे. टॉम यांना प्रयोगशाळेत पगारी नोकरी देण्यात आली होती. एका शतकातील हा फरक लहान असला तरी दुर्लक्षणीय नाही.

जठराच्या इतिहासातील आणखी एक कलाटणी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मिळाली. तीव्र आम्लामुळे जठरात जिवाणू टिकू शकत नाहीत, हा समज दीर्घकाळ रूढ होता. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातून एका सर्पिल आकाराच्या जिवाणूचे संवर्धन केले. पुढे तो 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या नावाने ओळखला जाऊ लागला. प्राण्यांवरील प्रयत्न अयशस्वी ठरल्यावर १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांच्या जठराचा दाह झाल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसून आले. जठर व आद्यांत्र यांच्या व्रणांमागे बहुतांशी हा जिवाणू असतो, हे पुढे मान्य झाले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्पालांझानी यांच्याप्रमाणेच येथेही जोखीम संशोधकाने स्वतः पत्करली. जोखमीचे स्वरूप कळणारी व्यक्ती आणि ती सोसणारी व्यक्ती एकच होती.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, जठराचे ज्ञान क्रमाक्रमाने वाढले ते नव्या सिद्धान्तांमुळे जितके, तितकेच जिवंत जठरापर्यंत पोहोचण्याच्या नव्या मार्गांमुळे. दुसरी म्हणजे, हे मार्ग बहुधा दुर्बलांच्या देहातून गेले. प्राण्याला नकार देता येत नव्हता. खेळ करणाऱ्या माणसाला व जखमी मजुराला नकार परवडत नव्हता. तिसरी म्हणजे, बोमाँट यांना केवळ शोषक ठरविणे किंवा केवळ थोर संशोधक मानणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. त्यांनी एका माणसाचा जीव वाचविला आणि त्याच माणसाच्या देहावर हक्कही सांगितला. या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात खऱ्या आहेत.

वैद्यकीय प्रयोगातील स्वेच्छासंमतीचे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात शब्दबद्ध झाले. सेंट मार्टिन यांच्या काळी असा कोणताही दंडक नव्हता. तरीही त्यांनी तीन वेळा निघून जाऊन आणि अखेरीस परत न येऊन आपली असंमती व्यक्त केली. ही असंमती शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने संशोधनातील अडथळा होती. इतिहासाच्या दृष्टीने ती एक साक्ष आहे. जठररसाचे गुणधर्म शिकविताना बोमाँट यांच्या नावाबरोबर सेंट मार्टिन यांचेही नाव घेतले जाणे, हा औदार्याचा प्रश्न नसून वस्तुस्थितीच्या अचूकतेचा प्रश्न आहे. ज्या ५१ अनुमानांनी पचनशास्त्राचा पाया घातला, त्यांचे निरीक्षण एका माणसाने केले आणि ती दुसऱ्याच्या देहात घडली.